कोऱ्या कॅमेऱ्याचे पूर्वायुष्य
दुकानाच्या काचेमागे महिनोन्महिने गिऱ्हाइकांच्या हाती खेळलेला कॅमेरा पुन्हा खोक्यात बंद होताच त्याचे पूर्वसंचित पुसले जाते, अशी काही विक्रेत्यांची दृढ श्रद्धा असते. कॅमेऱ्याची स्मरणशक्ती मात्र त्या श्रद्धेला साथ देत नाही. शटर, म्हणजे संवेदकावर ठरावीक क्षणापुरताच प्रकाश पडू देणारा पडदा, किती वेळा उघडला याची नोंद बहुतेक डिजिटल कॅमेरे स्वतःजवळ ठेवतात, आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत तर ती छायाचित्राच्या फाइलमधील अदृश्य माहितीतही उतरते. कारखान्यातील चाचणीमुळे हा आकडा शून्य नसला तरी चालते. पण तो हजारांच्या घरात असेल, तर ती चाचणी कोणाच्या तरी लग्नात झाली असावी. फाइलच्या क्रमांकावर विसंबणे भाबडेपणाचे ठरते, कारण तो मेनूतून पुन्हा एकवर आणता येतो, आणि उलट, जुने कार्ड घातल्यास कोराकरकरीत कॅमेराही अनेकदा त्यावरील शेवटच्या क्रमांकापुढून मोजू लागतो व निर्दोष विक्रेता (असाही एक असतो) नाहक गोत्यात येतो. फ्लॅशच्या खाचेवरील ओरखडे, अथवा खोका, कॅमेरा आणि वॉरंटी कार्ड यांवरील न जुळणारे अनुक्रमांक, हे अधिक बोलके पुरावे होत. त्यांवर ‘माल कंपनीतूनच असा येतो’ असे उत्तर मिळते, आणि तेवढे मात्र निश्चितपणे आधी वापरलेले असते.