घातलेला घाट

मराठीत ‘घाट’ या शब्दाचे निदान चार अर्थ आहेत. नदीकाठच्या पायऱ्या हा पहिला, डोंगर ओलांडणारा रस्ता हा दुसरा आणि वस्तूचा आकार हा तिसरा. चौथा अर्थ ‘घालणे’ या क्रियापदावाचून प्रकट होत नाही : कोणी सांगितलेले नसताना, घरच्यांचा विरोध पत्करून आरंभलेला खटाटोप. सायकलवर सामान लादून सह्याद्रीतून केलेला अनेक दिवसांचा प्रवास हे या चौथ्या अर्थाचे उत्तम उदाहरण होय. उरलेले तीन अर्थ वाटेत भेटतात.

प्रथम भूरचना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. या थरांमुळे इथल्या डोंगरांना पायऱ्यांचे रूप आले आणि भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ असे नाव दिले. यातला ‘ट्रॅप’ जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सायकलस्वारांचा मात्र इंग्रजी अर्थावर, म्हणजे सापळ्यावर, ठाम विश्वास असतो. त्याला कारणही आहे. चढ संपल्यासारखा वाटतो, थोडी सपाटी येते, सायकलस्वार उतरून पाणी पितो, फोटो काढतो, ‘चढलो’ असा निरोप घरी धाडतो. आणि वळणापलीकडे पुढची पायरी उभी असते.

सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उतार कड्यासारखा तुटलेला आहे, पूर्वेकडचा लांबट आणि सौम्य. त्यामुळे देशावरून कोकणात उतरणारा सायकलस्वार स्वतःला शूर समजतो आणि कोकणातून देशावर चढणारा स्वतःला मूर्ख. बहुतेक वेळा हे दोघे एकच असतात. मध्ये फक्त एक रात्र गेलेली असते.

अभ्यासासाठी पुण्याहून निघून पुण्यालाच परतणारा एक वर्तुळाकार मार्ग सोयीचा आहे : कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, वरंधा घाट आणि भोर. एकूण अंतर सुमारे ३०० किलोमीटर. मोटारीने तो एका दिवसात उरकतो. सायकलने चार दिवस लागतात आणि सांगायला वर्षभर पुरतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हे घाट सर्वांत सुंदर दिसतात आणि त्याच काळात त्यांच्या दरडी खाली येतात, कारण हिरवळ आणि दरड दोन्ही एकाच पाण्यावर पोसल्या जातात.

सामान दोन प्रकारचे असते : लागणारे आणि नेलेले. पहिल्यात हवेचा पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पाने, दिवा आणि पाणी येते. दुसऱ्यात जाडजूड कादंबरी, इस्त्रीचा सदरा आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला चिवड्याचा डबा. पहिल्या घाटाच्या माथ्यावर हा डबा पहिल्या प्रकारात वर्ग होतो. सदरा आणि कादंबरी सगळे घाट चढून, उतरून, न उघडता घरी परततात.

गिअरविषयी थोडा इतिहास आवश्यक आहे. टूर द फ्रान्स या शर्यतीत चालत्या सायकलवर बदलता येणारे गिअर १९३७ मध्ये मान्य झाले. तोपर्यंत गिअर म्हणजे दुबळ्यांचे साधन, असे संयोजकांचे मत होते. संयोजक स्वतः मोटारीतून जात. सह्याद्रीत हा वाद अजून मिटलेला नाही. सत्तावीस गिअरांच्या सायकलवर धापा टाकणाऱ्याला बिनगिअरच्या काळ्या सायकलवरचा, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेला माणूस सहज मागे टाकतो. जाताना तो ‘दमानं, पाव्हणं’ एवढेच म्हणतो. त्याच्या स्वरात उपहास नसतो, आणि हेच जास्त लागते.

खंबाटकी ओलांडून, सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वाई येते. कृष्णेकाठच्या दगडी पायऱ्या आणि ढोल्या गणपती येथे आहेत; घाटाचा पहिला अर्थ येथे पुरा होतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम याच गावी उभे केले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. जगातले बहुतेक ज्ञान असे चढाच्या पायथ्याशीच उपलब्ध असताना सायकलस्वार तरीही वर जातात, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

वाईजवळचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. या गावाने महाराष्ट्राला एवढा खणखणीत आवाज दिला. सायकलस्वाराचा आवाज मात्र येथेच बंद होतो. पसरणी घाट सुमारे १२ किलोमीटरमध्ये जवळपास ५७० मीटर चढतो. म्हणजे सरासरी पाच टक्के. एवढ्या व्याजाने कोणी ठेव ठेवणार नाही. पायांना मात्र हा दर सावकारी वाटतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले, तर एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठी सुमारे १३५ किलोकॅलरींचे काम होते. शरीर खाल्लेल्यापैकी साधारण पाव हिस्साच असा कामी लावते, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्षात ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. ढोबळमानाने हे दोन वडापाव झाले. हिशेब बिनचूक आहे. फक्त प्रत्यक्षातला खप पायथ्याशी दोन आणि पाचगणीत तीन असा असल्याने, प्रवास संपल्यावरही घाटाचा तिसरा अर्थ, म्हणजे आकार, होता तसाच राहतो.

चढावर सायकल हातात धरून चालण्याची प्रथा सर्वत्र आढळते. तिला ‘देखावा बघत जाणे’ असे म्हणतात. देखावा दरीच्या बाजूला नसून डोंगराच्या बाजूला असला तरी हे नाव बदलत नाही. या वेगात एक सुरक्षितताही आहे. गावची कुत्री पळणाऱ्या सायकलीच्या मागे लागतात; चढावरच्या सायकलस्वाराकडे ती मान उचलून पाहतात आणि पुन्हा झोपतात.

वाटेतल्या माहितीचे मूल्यमापन हे स्वतंत्र शास्त्र आहे. ‘हे काय, इथंच’ म्हणजे पाच किलोमीटर. ‘जरा वर गेलं की आलंच’ यातले ‘जरा’ मोजण्याचे एकक अद्याप ठरलेले नाही. ‘पुढं चढ नाही’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो. तो जन्मभर त्या वाटेने एक तर डोक्यावर मोळी घेऊन गेलेला असतो, नाही तर यष्टीत बसून. पहिल्याला चढ जाणवत नाही आणि दुसऱ्याला दिसत नाही. माहितीच्या बदल्यात प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यांचा क्रम सहसा बदलत नाही : कुठनं आलात, गाडी बंद पडली का, नवस आहे का, यात पैसे मिळतात का, आणि सायकल केवढ्याला पडली. किंमत ऐकल्यावर थोडी शांतता पसरते. मग तेवढ्यात म्हैस आली असती, असे कोणीतरी हळहळून सांगतो. या युक्तिवादाला सायकलजगतात उत्तर सापडलेले नाही, कारण म्हैस दूध देते.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथून आंबेनळी घाट प्रतापगडाच्या बाजूने पोलादपूरला उतरतो : सुमारे ४० किलोमीटरमध्ये जवळजवळ सगळी कमाई खर्च. उतारावर पायांना सुटी मिळते आणि काम बोटांकडे जाते. ब्रेक सतत दाबून ठेवले तर चाकाची कड तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून, वळणाच्या आधी लावावेत आणि वळणात लावू नयेत. वळणाला समोरून येणारी यष्टी रस्त्याचा कोणता भाग वापरते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती सगळा वापरते.

याच डोंगरात रडतोंडीचा घाट नावाची जुनी वाट आहे. १६५९ मध्ये वाईहून निघालेले अफझलखानाचे सैन्य तिनेच जावळीच्या खोऱ्यात उतरले. सायकलचा शोध एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा या नावाचा दोष सायकलस्वारांवर येत नाही. त्यांनी फक्त परंपरा चालू ठेवली आहे.

महाड हे या मार्गावरचे निर्णयस्थान होय. पुढे वरंधा घाट चढून भोरमार्गे पुणे, किंवा यष्टी. घाटाच्या पायथ्याच्या परिसरात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला, अशी परंपरा आहे. वरंध्याकडे वर पाहिल्यावर वैराग्य या विषयाला हीच जागा का, याचा उलगडा कोणालाही होतो. जे चढतात, त्यांना खिंडीजवळ वाघजाईपाशी गरम भजी मिळतात, आणि ती हातात आल्यापासून तोंडात जाईपर्यंतच्या काळात माकडेही मिळतात.

जे चढत नाहीत, ते महाडच्या स्थानकावर वाहकाशी वाटाघाटी करतात, सायकलीचे वेगळे पैसे भरतात आणि खिडकीशी बसतात. घाट तासाभरात सरतो. मागच्या बाकावर एखादा मुलगा विचारतो, सायकलने जायला हा रस्ता कसा आहे. सायकलस्वार आता यष्टीत बसलेला असतो, म्हणजे चढ न दिसणाऱ्यांच्या बाजूला गेलेला असतो. तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो की तसा फार चढ नाही. मुलगा वही काढून गावांची नावे उतरवून घेतो, आणि पुढच्या हिवाळ्याचा घाट घातला जातो.