झाकला पंखा सव्वा लाखाचा

कमर्शियल पायलटचा परवाना हातात पडला की माणसाला दोन गोष्टी ताबडतोब जमू लागतात: गॉगल निवडणं आणि विमानं नाकारणं. विमान चालवणं त्यानंतर यायचं असतं. आपल्याकडे हा परवाना २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो, आणि त्यातले बहुतेक तास बारामती, गोंदिया किंवा धुळ्याच्या आकाशात एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून घिरट्या घालण्यात गेलेले असतात. तरी पहिली नोकरी कुठं करावी याबद्दलचं माझं मत इतकं ठाम आहे, की माझा होकार येईपर्यंत तुलूजच्या एअरबस कारखान्यात कुणी जेवायला बसत नसावं. मत अगदी साधं आहे: जेट हवं, पंख्याचं विमान नको. प्रादेशिक कंपन्या बहुतेक करून एटीआर ७२ चालवतात, आणि त्या विमानाचे पंखे चारचौघांदेखत राजरोस फिरतात. घाव बसतो तो तिथं. आता मत माझंच असलं तरी बाजू लंगडी आहे, म्हणून इथे मी माझ्याविरुद्धच वकीलपत्र घेतो आहे.

आधी पंख्याचं प्रकरण मिटवू. खरं तर ते चार ओळींत आटोपायला हवं, पण माझा जीवच त्यात अडकलाय. एटीआरच्या पंख्यामागे असतं ते गॅस टर्बाइन, म्हणजे जेट इंजिनाच्या सख्ख्या भावकीतलं यंत्र. तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन गिअरबॉक्समार्फत पंखा फिरवतं. आता ज्याच्यासाठी माझा प्राण तळमळतो त्या एअरबस ए३२० निओच्या इंजिनात समोरून डोकावून पाहा. काय दिसतं? पंखा! लीप इंजिन असेल तर १८ पात्यांचा, प्रॅट अँड व्हिटनीचं असेल तर २० पात्यांचा. विमानाला पुढं ढकलणाऱ्या जोरातला सिंहाचा वाटा ह्या पंख्याचाच. मागून निघणाऱ्या तप्त झोताचा उरलासुरला. म्हणजे एकाचा पंखा उघडा आणि दुसऱ्याचा डब्यात, एवढ्या आवरणावर माझी सगळी प्रतिष्ठा तोललेली आहे. बरं, आकारावर जावं तर एटीआरच्या पंख्याचा व्यास जवळपास ४ मीटर आणि एअरबसच्या पंख्याचा जेमतेम २. घराण्यावर जावं तर एटीआरही तुलूजचंच, आणि त्या कंपनीत निम्मी भागीदारी एअरबसची. पुढं एक बारकावा आहे, तो वाचल्यापासून तर मला ह्या विमानाबद्दल काहीसा आपलेपणाच वाटू लागलाय. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि गार हवा पुरवायला एक छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नसतं. म्हणून विमान उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. त्याला म्हणतात हॉटेल मोड. आत सगळं धडधडतंय, इंधन जळतंय, आणि बाहेर पंखा ढिम्म. परवाना मिळवून नोकरीची वाट बघत घरात बसलेल्या वैमानिकाचं इतकं हुबेहूब चित्र कुठल्या फ्रेंच इंजिनिअरनं, कुणाला बघून काढलं असेल?

असो. पहिल्या नोकरीत मोजायची चीज म्हणजे लँडिंग. लांब पल्ल्याच्या विमानात सहवैमानिक आठ-आठ तास बसून येतो, पण चाकं जमिनीला लावायची पाळी एकदाच, तीही कप्तान देईल तेव्हा. एटीआरचा सेक्टर, म्हणजे एक फेरी, तासाभराची. दिवसात चार सेक्टर केले तर चार वेळा उड्डाण, चार वेळा उतरणं, चार ठिकाणचं वेगळं हवामान. हे विमान २५,००० फुटांच्या वर जात नाही; जेट ज्या ढगांना वरून टाटा करतं, ते ढग याच्या वाटेत आडवे येतात. जुलै महिन्यात कोकणावरून जाताना हा फरक पुस्तकात वाचावा लागत नाही. गोव्याच्या फ्लाय९१नं मार्च २०२४ पासून एटीआर घेऊन सिंधुदुर्ग, जळगाव, अगत्ती असली ठिकाणं धरली. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, अलीकडेही समुद्र आणि पलीकडेही. तिथं माझ्यासारख्या नवख्याच्या हाती विमान कुणी देणार नाही, आणि देऊही नये. पण कप्तानाच्या शेजारी बसून त्याचे हात बघणं हेही शिक्षणच आहे.

यावर कुणी म्हणेल, तासांना तास. जेटमध्ये भरले काय नि पंख्याच्या विमानात भरले काय. इथे अमेरिकेकडे पाहावं लागतं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअर ह्या प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा कडक झाला आणि २०१३ पासून तिथं प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. आपल्याकडे २०० तासांवाला थेट एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. गंमत नव्हे, पण विचित्र गोष्ट अशी, की बफेलोच्या त्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा जास्त तास होते. विमानाचा वेग घसरला, धोक्याची सूचना देत दांडा हातात थरथरू लागला, तेव्हा नाक खाली करण्याऐवजी कप्तानानं ते वर ओढलं. तासांचा आकडा वहीत होता. त्या क्षणाची सवय हातात नव्हती. ही गोष्ट आठवली की खांद्यावरच्या पट्ट्या, विमानासमोरचा फोटो आणि झाकलेला पंखा ह्या सगळ्या हौसेची मला थोडी लाज वाटते. थोडीच वाटते, आणि फार वेळ टिकत नाही, हेही खरं.

दुसरा आक्षेप जड आहे: प्रादेशिक कंपन्या टिकत नाहीत. कॅगनं २०२३ च्या अहवालात प्रादेशिक हवाई मार्गांना सवलत देणाऱ्या सरकारी उडान योजनेचा जो हिशेब मांडला त्यात दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पुरी करणारे ११२. आकडे निरुत्तर करणारे आहेत. पण मोठ्यांची तरी कुंडली कुठं बळकट होती? किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. ह्यांचे बहुतेक पंखे सुबक डब्यात झाकलेले होते. तेव्हा कंपनीची विमानं किती, ती भाड्याची की मालकीची, वैमानिकांचे पगार महिन्याच्या महिन्याला होतात का, हे आधी विचारावं. पगार जेटपेक्षा कमी असतो, हे मान्य. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा, खर्च कुणाचा आणि बाँड किती वर्षांचा, हे सही करण्यापूर्वी वाचावं, कारण सहवैमानिकाला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते असा २०१७ पासून नियम आहे. मध्येच माझा अहंकार एक पळवाटही शोधून काढतो: कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर प्रादेशिक असूनही एम्ब्राएर जेट उडवते. तिथं जागा निघाली तर मी हा अख्खा लेख मागे घेईन.

एक गोष्ट मात्र विनोदात बसत नाही. ह्या परवान्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो, आणि तो बहुतेक घरांत तारणावर उभा राहतो. हप्ता सुरू होतो तो कर्जाच्या कागदांवर ठरलेल्या तारखेला; मुलगा एअरबसचीच वाट बघतोय की जो येईल त्या विमानात बसायला तयार आहे, याची चौकशी बँक करत नाही. सहीवाले वडील कधी ‘एटीआर घे’ म्हणत नाहीत. ‘तुला बरं वाटेल ते कर’ म्हणतात, आणि पुढच्या महिन्याच्या तजविजीला लागतात. माझ्या निवडीची चैन दुसऱ्याच्या निवृत्तिवेतनातून चालावी, ह्या एका मुद्द्यावर माझ्या बाजूचा वकील उठून उभाही राहत नाही.

तेव्हा अर्ज एटीआरचाच. एक अडचण उरते. ह्या विमानात प्रवासी मागच्या दारानं चढतात आणि कॉकपिट व त्यांच्यामध्ये सामानाचा कप्पा असतो. म्हणजे विमानात शिरताना कौतुकानं कॉकपिटमध्ये डोकावणारं कुणी नाही, आपल्याला बघतात त्या बॅगा. त्यावर फोटोचा उपाय आहे. एटीआरचे पंखे कॉकपिटच्या बरेच मागे, वरच्या बाजूला असतात. खिडकीजवळ उभं राहून कोन नीट साधला तर चौकटीत नाक येतं, कंपनीचं नाव येतं, खांद्यावरच्या पट्ट्या येतात, आणि पंखा येत नाही.