पद्मिनीच्या आरशाची भानगड

अहो, ऐकलंत का? समोरच्या काकांच्या पद्मिनीत आरसा परत लागला! आतला हो, ड्रायव्हरच्या कपाळाशी असतो तो. त्यांच्या सूनबाईंनी काल फाटकातच सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही.

गाडी तर तुम्हाला ठाऊकच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा काकांनी सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. काकूंच्या आजारपणातसुद्धा एवढं... जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते, आरसा. तो कंपनीचा नव्हेच, काकांच्या वडिलांनी हौसेनं बसवलेला. खाली रात्रीसाठी छोटी दांडी असते ना, तसला. कडेनं काळा पडत चाललेला. जुन्या आरशांचं तेच असतं, दमट हवा कडेतून शिरते आणि मागची चांदी खाते. मागून ट्रक आला तर त्याचा एकच दिवा दिसायचा. काकू म्हणायच्या, "ह्यांना ट्रकसुद्धा स्कूटरच वाटतो."

मग काकांनी पुढच्या काचेला चिकटवायचा नवाकोरा आरसा आणला. कुठल्या दुकानातून, ते मी नाही हो सांगणार. मे महिना, गाडी दुपारभर उन्हात. संध्याकाळी लग्नाला निघाले, कोपऱ्यावर वळले, आणि डिंक सुटून आरसा धप्पकन काकूंच्या मांडीवर. नवी पैठणी! काकू हॉलपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत म्हणे. तेच तर वाईट हो.

मग जुनी फ्रेम उघडायला घेतली. प्लॅस्टिकची कड वाळून कडक झालेली, गरम केल्याशिवाय सुटेना. कशानं केली गरम? काकूंच्या हेअर ड्रायरनं! न विचारता! कड न तडकता निघाली खरी, पण ड्रायर गेला. गल्लीतल्या काचवाल्याकडून साधा आरसा कापून बसवला. दिसायला फक्कड. पण रात्री हायवेला मागच्या ट्रकनं फुल लाइट मारला, काकांनी सवयीनं दांडी ओढली, तर आरशात काय? गाडीचं छत!

जावई मागेच बसलेले, इंजिनिअर. म्हणाले, "बाबा, रात्रीच्या आरशाची काच पाचरीसारखी लागते, एक कड जाड, एक पातळ. दांडी ओढली की चांदीवरचा झगझगाट छताकडे जातो आणि काचेच्या पुढच्या अंगावरून शेकडा चारेक उजेड तेवढा डोळ्यांत येतो. सपाट काचेची दोन्ही अंगं समांतर, मग दांडी ओढून उपयोग काय?" काकांचा चेहरा असा उतरला...

पण गप्प बसतील तर ते काका कसले! लगेच सुरू, "1911 साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरूननं गाडीला आरसा लावला, तिथून सुरुवात." बाकीचे गाड्यांत मेकॅनिक बसवायचे, मागचं बघायला. ह्याची गाडी एकट्याची, म्हणून त्यांनी कटकट केली, तर ह्यानं आरसा लावला आणि शर्यत मारली.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, त्याच्या दोन वर्षं आधी डोरोथी लेव्हिट नावाच्या बाईनं पुस्तकात लिहून ठेवलंय, बायकांनी गाडीत हातआरसा ठेवावा आणि मधूनमधून वर धरून मागचं बघावं. आणि हॅरूननंच पुढे कबूल केलं, विटांच्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरायचा की काही दिसलंच नाही." काकू इतक्या हसल्या म्हणता! पैठणीनंतर पहिल्यांदाच.

आता खरी गंमत ऐका. काकांनी जुनी काच भंगारात दिली, असं सगळे समजत होते. काकूंनी ती पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली, सासऱ्यांची म्हणून! काच चांगलीच होती, खराब झालं होतं ते मागचं अस्तर. आरशाला पुन्हा कल्हई चढवणारे एक गृहस्थ सापडले, दोघं तिथंच बसून राहिले. त्यांनी मागचा रंग सोलला, आम्लानं जुनी चांदी धुतली, काच इतकी स्वच्छ केली की बोट लावायची बंदी. कथलाच्या क्षाराचं पाणी फिरवलं, मग सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखरेचं पाणी. आधी काच तपकिरी झाली, मग बघता बघता लख्ख. काकू विचारतात काय, "एवढी चांदी लागत असेल तर सोनाराकडेच का नाही न्यायचा?" ते गृहस्थ हसले. चांदी इतकी पातळ बसते म्हणे, की सोनार तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. वरून रंगाचा हात, झालं काम.

गोटीचा स्क्रू आवळला, आरसा आता मान टाकत नाही. परवा काकांनी मला मुद्दाम बसवून दाखवला. मागच्या ट्रकचे दोन्ही दिवे, अगदी स्पष्ट. दांडी ओढली की मंद.

माझं मत विचाराल तर सगळं श्रेय काकूंच्या ट्रंकेचं. आणि हो, तुमच्या दिरांच्या वाड्यात पद्मिनीचा सांगाडा पडलाय ना? त्याची दारंबिरं भंगारवाल्याला खुशाल द्या, पण आतला आरसा तेवढा फ्रेमसकट काढून ठेवा. काकांना लागेल कधीतरी. ड्रायरची मात्र त्यांना आठवण करून द्या बाई, काकूंचे केस अजून उन्हातच वाळतायत.