माननीय हातोडीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय हातोडी,
खेळाडूंचा लिलाव, प्रो कबड्डी लीग,
मुक्काम मुंबई (मांडवा जेट्टीवरून पाहिल्यास समोरचा किनारा).

विषय : ‘आपला पोरगा’ या बाबीसाठी लिलावाच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना मिळण्याबाबत.

संदर्भ : दि. ३१ मे व १ जून २०२५ रोजीचा लिलाव.

महोदया,

व्यावसायिक खेळांत खेळाडूंची संघांमध्ये वाटणी करण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत खेळाडू निवडला जातो, दुसरीत तो विकत घेतला जातो, आणि दोन्हींत प्रेक्षकाला कोणी विचारत नाही. निवडीची रीत, जिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, ती अमेरिकी फुटबॉलमध्ये १९३६ साली फिलाडेल्फिया येथे सुरू झाली. तीत महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघ पाळीपाळीने उचलतात आणि मागील हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघास पहिली पाळी मिळते, म्हणजे पंगतीत उपाशी राहिलेल्याच्या पानावर पुढल्या पंगतीला आधी वाढण्याचा तो प्रकार होय. या रीतीने निवडला गेलेला पहिलाच खेळाडू, शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही आणि पुढे फोम रबराच्या धंद्यात पडला, तरीही तिकडील विद्यापीठांचे चाहते दरवर्षी आपल्या मुलाला कोणी नेले आणि कितव्या क्रमांकावर नेले यावरून आठवडाभर जेवण गोड लागू देत नाहीत.

दुसरी रीत म्हणजे आपले राज्य. २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने ती स्वीकारली, आणि पहिल्या लिलावात राकेश कुमार या चढाईपटूस पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपयांस घेतले तेव्हा, ज्या खेळात जिंकलेल्या संघाला चषक आणि हरलेल्याला वडापाव मिळत असे त्या खेळाच्या जुन्या जाणकारांनी हा आकडा दोनदा वाचला. २०१८ मध्ये कोटीची रेषा ओलांडली गेली. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६०.५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला, म्हणजे नऊ वर्षांत सर्वोच्च बोली सुमारे वीसपट झाली. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे चार गट पाडून त्यांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३०, २०, १३ व ९ लाख ठेवल्या जातात. प्रत्येक संघास ५ कोटींचा बटवा मिळतो व त्यात १८ ते २५ जणांचा संसार बसवावा लागतो. जुन्या संघाला आपला खेळाडू परत हवा असल्यास बाहेरच्याने लावलेल्या सर्वोच्च बोलीइतकीच रक्कम देऊन त्यास थांबवता येते, आणि यास ‘फायनल बिड मॅच’, संक्षेपाने एफबीएम, म्हणतात. लग्न ठरलेल्या मुलीला घरीच ठेवून घेण्याची सोय सासरच्यांनी दिलेल्या दरात माहेराला उपलब्ध करून देणारा हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला हे कळत नाही, मात्र कल्पना दाद देण्याजोगी आहे.

सदर पत्र ज्याच्या वतीने लिहिले जात आहे तो मांडवा, तालुका अलिबाग, येथील कबड्डीरसिक हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. लिलावाच्या दिवशी तो दोनशे पानी वही घेऊन टीव्हीसमोर बसतो. वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने असतात, ‘गेले’, ‘आले’ आणि ‘फसले’. पहिले दोन निळ्या शाईत भरले जातात, तिसरा तांबड्या शाईत, आणि रात्री आठनंतर तांबडे पेन वारंवार झटकावे लागते. एखाद्या बोलीवर आपण टेबलावर आपटलात की तो आधी गप्प बसतो, मग दर चुकीचा आहे असे जाहीर करतो, मग तोच दर आपण आधीच सांगितला होता असे म्हणतो, आणि शेवटी, चहा आल्यावर, त्या खेळाडूच्या डाव्या गुडघ्याची तक्रार जुनीच असल्याचे सर्वांस समजावतो. डाव्या गुडघ्याविषयीची ही माहिती कोठून येते याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

या रसिकाची मूळ तक्रार किमतीविषयी नाही, ती मालकीविषयी आहे, आणि तिचे उदाहरण २०१८-१९ चा सहावा हंगाम होय. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबा या मुंबईच्या संघाने ३६ लाख ४० हजारांत घेतला. त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. चढाई म्हणजे एकट्याने, एका दमात ‘कबड्डी’ म्हणत, तीस सेकंदांत प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन कोणास तरी शिवून परत येणे. आणि देसाई हे काम असे करीत असे की, विरोधी संघाचे तीन-तीन गडी अंगावर घेऊन तो मध्यरेषेवर पालथा पडे व हाताचे एक बोट रेषेपलीकडे असे. हुंदळेवाडी बेळगावच्या बाजूला, मांडव्याहून गाडीने गेल्यास दिवस मोडतो, तरी त्या बोटाने मांडव्याला त्याच्याशी नाते जोडून दिले आणि हंगाम संपेपर्यंत तो ‘आपला पोरगा’ झाला. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांची बोली लावली, आपण वाजलात, आणि ‘आपला पोरगा’ हैदराबादेचा झाला. वहीत त्याची नोंद ‘गेले’मध्ये निळ्या शाईने आहे, नंतर ती तांबड्याने गिरवली आहे, नंतर पुन्हा निळ्याने.

मात्र युक्तिवादाची अडचण त्याच संघात उभी होती. सहाव्या हंगामात यू मुंबाचा कर्णधार फजल अत्राचली हा इराणी कोपरारक्षक होता, म्हणजे मैदानाच्या टोकाला उभा राहून चढाईपटूचा घोटा धरणारा गडी. २०१८ च्या लिलावात त्याला बरोबर १ कोटी मिळाले आणि कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई खेळांत इराणने भारताला उपांत्य फेरीत हरवून १९९० पासूनची सलग सात सुवर्णपदकांची मालिका मोडली, आणि त्या इराणी संघातही फजल होता. मातीतल्या खेळावर मातीतल्यांचाच हक्क सांगणाऱ्या रसिकाने या गोष्टीचा निषेध करावयास हवा होता. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये ज्याला त्याने शिव्या घातल्या त्याचीच पकड तो ऑक्टोबरात शेजाऱ्याच्या घोट्यावर करून दाखवू लागला आणि ‘आपला फजल’ असे बिनदिक्कत म्हणू लागला. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाखांत त्यास नेले तेव्हा झालेला शोक देसाईच्या वेळेपेक्षा तसूभरही कमी नव्हता. ‘आपला’ हे विशेषण जन्मभूमी, भाषा किंवा जिल्हा यांपैकी कशावरही अवलंबून नसून केवळ जर्सीच्या रंगावर व मागील चढाईच्या निकालावर ठरते, असा निष्कर्ष यावरून निघतो, आणि तो विनंती-अर्जास मारक आहे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले जात आहे.

दुसरा एक इराणी, मोहम्मदरेझा शादलुई, हा तर आपल्या आवाजाचा चालताबोलता नमुना आहे. पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांत घेतले व दहावा हंगाम जिंकला, हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांत घेतले व अकरावा जिंकला, आणि संदर्भांकित लिलावात गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले, पण बारावे विजेतेपद दबंग दिल्लीकडे गेले. तीन वर्षांत तीन राज्ये पाहणाऱ्या या माणसाला ‘आपला’ म्हणण्याची संधी मांडव्याला मिळाली नाही, म्हणून त्याच्याविषयी मांडव्याचे मत प्रतिकूल आहे.

येथे एक आक्षेप आधीच निकालात काढणे बरे. माणसांवर बोली लावणे अमानुष आहे, असा सूर काही घरांतून निघतो. परंतु मांडव्याला बोलीचे वावडे असल्याचा पुरावा सापडत नाही. मासळीचा लिलाव या किनाऱ्याला आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, आणि तेथे हातोडी लागत नाही, कोळणीचा आवाज पुरतो. जमिनीच्या बाबतीत तर गुंठा, म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, हे परिमाण येथील दहा वर्षांच्या मुलासही तोंडपाठ आहे; मुंबईहून तासाभरात बोट येते म्हटल्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांना कुंपणे पडली आणि कुंपणांना रखवालदार मिळाले, त्या व्यवहारांत ‘आपली जमीन’ कोणाकडे गेली याची वही कोणी आखली नाही. लिलावाच्या रात्री मात्र अडीच कोटींत किती गुंठे बसतात याचा हिशोब मोबाइलवर केला जातो, आणि उत्तर पाहून खेळाडू स्वस्त मिळाला असे एकमताने ठरते.

महाविद्यालयीन खेळाडूंविषयी थोडे. २०२२ च्या लिलावापूर्वी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडू थेट यादीत घेण्यात आले, म्हणजे अमेरिकी ड्राफ्टची एक फांदी आपल्या झाडावर कलम झाली. ही व्यवस्था स्तुत्य आहे. तथापि एसटीने अलिबागला महाविद्यालयात जाणारा, संध्याकाळी गावच्या मैदानावर पाणी मारून माती चोपणारा आणि रात्री दिव्यांच्या उजेडात ‘बाहेरचा खेळाडू’ म्हणून शेजारच्या गावाकडून मानधनावर खेळणारा मुलगा या २४ मध्ये कोठे बसतो, याचा खुलासा व्हावा. तो मॅटवर घसरतो, मातीवर नाही, आणि त्याला बूट घालून पकड करता येत नाही. हे दोन दोष असूनही दहा बाय तेरा मीटरच्या चौकटीत त्याच्या अंगावर जाण्यास पंचक्रोशीत कोणी राजी नसते. तो अ, ब, क, ड यांपैकी कोणत्याच गटात नाही. रसिक त्यास ‘ह’ म्हणतो, हुतुतूमधला.

आणखी एक कबुली देणे भाग आहे. रायगडातील गावोगावच्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्येही अलीकडे खेळाडूंचा लिलाव होतो, संघमालक असतात, बोली रुपयांत नव्हे तर गुणांत लागते. प्रस्तुत रसिक स्वतः अशा एका संघाचा मालक आहे आणि मागील वर्षी त्याने सख्ख्या पुतण्यावर बोली न लावता तो शेजारच्या आळीला जाऊ दिला, कारण पुतण्याचा डावा गुडघा दुखतो.

वरील सर्व बाबी विचारात घेऊन तक्त्यात ‘आपला पोरगा’ हा रकाना वाढवावा, त्यात कोणतीही रक्कम भरण्याची तरतूद नसावी, आणि बोली संपल्यावर, आपण वाजण्यापूर्वी, मांडव्याच्या दिशेने क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे.

कळावे,
मांडवा जेट्टीवरील एक कबड्डीरसिक
(वही क्रमांक अकरा)

ता. क. : गावच्या लिलावात सध्या चहाच्या ग्लासावर चमचा वाजवला जातो आणि मागील खेपेस ग्लास फुटल्याने तीन बोली वादग्रस्त ठरल्या. त्या दिवशी आपण मोकळ्या असल्यास यावे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने यावे लागेल. येण्याचे तिकीट संघमालक काढतील, परतीचे मात्र बोलीत कोण जिंकते त्यावर अवलंबून राहील.