स्टॉकहोम, मार्गे मुरबाड

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं जुनं घर आहे आणि त्या घराचं मी स्वीडन करायला निघालो होतो, हा किस्सा आता आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. म्हटलं, आपणच सांगितलेला बरा.

झालं असं की कल्याणला दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत मी एक गुळगुळीत मासिक चाळत होतो. त्यात कुणीतरी शंभर वर्षांच्या जुन्या घरात, नक्षीदार छताखाली, फिकट लाकडाच्या काटकुळ्या खुर्च्या मांडल्या होत्या, भिंती दुधासारख्या पांढऱ्या, खोलीत एकच झाड आणि झाडाशेजारी एक बाई काहीही न करता समाधानाने बसलेली. आमच्या घरात काहीही न करता समाधानाने बसणारा मी एकटाच. ती स्वीडिश शैली मला लगेच आपली वाटली.

जुनेपण तर आमच्याकडेही रग्गड. सागाचे खांब, तुळया, कोनाडे, फडताळ, मंगळुरी कौलं आणि वाकल्याशिवाय आत शिरता येऊ नये इतकी खाली आलेली वळचण. नव्वदीला टेकलेल्या तात्याकाकांना मी समजावलं, की स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, म्हणून ती माणसं भिंती पांढऱ्या करून मिळेल तेवढा उजेड खेळवतात. तात्यांनी अंगणातल्या वैशाखाकडे पाहिलं. ‘‘आपल्याला ऊन कमी पडतंय होय?’’

तरी मी मधली तुळई पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलीच. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलले ते तुळईशी. पलीकडेच काकूंची चूल. तिचा धूर बसतो म्हणून लाकडाला भुंगा लागत नाही, हे मला मागाहून कळलं. धुराला मात्र रंगाचं लगेच कळलं. पांढऱ्याची बासुंदी झाली, बासुंदीचा चहा झाला.

मग नवी मुंबईतल्या एका दुकानातून चपट्या खोक्यांत टेबल आणि फळी आली. सोबत एक वाकडी सहाकोनी किल्ली आणि एक चित्रांची पुस्तिका. तिच्यातला गोल डोक्याचा माणूस पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हसतच असतो. आमच्या भिंती दगड-मातीच्या, वर शेणामातीचा गिलावा. ड्रिल श्रीखंडात चमचा जावा तसं आत गेलं आणि सहा मिलिमीटरच्या भोकातून ओंजळभर माती बाहेर आली. ते भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवून फळी टांगली, फळीवर कुंडी ठेवली, लांब उभं राहून पाहिलं तर फळी तिरकी. पाणसळ लावली तर फळी सरळ, भिंतच तिरकी. मग भिंतीचा मान राखून फळी तिरकी केली, आणि रात्री दोन वाजता ती कुंडीसकट खाली आली. काकू ‘‘चोर, चोर’’ ओरडल्या. तात्या काठी घेऊन धावले आणि मला बघून त्यांनी काठी खाली ठेवली.

‘‘चोर असता तर काहीतरी घेऊन गेला असता. हा आणतो!’’

शेजारच्या खुंटीवर तात्यांची छत्री, कंदील आणि टोपी शांतपणे लटकत होती. ती खुंटी भिंत रचतानाच आत बसवलेली. तिच्यासोबत पुस्तिका आली नव्हती.

टेबल उभं राहिलं, पण वळचणीचं पाणी आत येऊ नये म्हणून ओटीला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. माझ्यापुढचा चहा हळूहळू निघे आणि तात्यांपाशी जाऊन थांबे. टेबल तात्यांना आवडलं.

माझा खरा जीव खुर्चीत. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ साली काढलेली, पाठीला बेचकीसारखा फाटा, बैठक चक्क कागदाच्या दोरीने विणलेली. तशी एक मी सुताराकडून करवून घेतली आणि हौसेने दोरी स्वतः विणली. तात्यांना वेगळीच काळजी. स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी त्यांना नमस्कार करायला माणसं येतात आणि त्यातली बरीच आमच्या ओटीवर चहाला टेकतात. ‘‘ती काय हिच्यावर आळीपाळीने बसणार?’’ त्यांच्यासाठी म्हशाच्या जत्रेतून आणलेली घोंगडी मी केव्हाच माळ्यावर टाकली होती. काळी होती ना, खोलीचा फिकटपणा बिघडत होता.

श्रावणात उंदरांनी ती दोरी खालून किती खाल्ली, ते वरून दिसत नव्हतं. गौरीच्या पाहुण्यांसमोर मी ऐटीत बसलो.

मला काढायला तिघे लागले.

माळ्यावरची घोंगडी खाली आली आणि तिच्यावर मला पालथं घालण्यात आलं. आमची ही कंबर शेकता शेकता म्हणाली, ‘‘अहो, त्या मासिकातली बाई समाधानाने बसली होती म्हणालात ना? तिला उठता येत नसेल!’’

खंडेनवमीला तात्यांनी पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार मांडली आणि त्यांच्या शेजारी ती वाकडी सहाकोनी किल्ली ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं.

‘‘तात्या, हिची कशाला पूजा?’’

‘‘अरे, शस्त्रच की ते. या घराला एवढ्या जखमा दुसऱ्या कशाने झाल्यात?’’

टेबलातून उरलेले चार स्क्रू माझ्या खिशात होते. मी ते मुकाट्याने पाटावर ठेवले.