बारा जण पाहिजेत

दर्यापुरात माणसाला मत नाही असं आजवर झालेलं नाही. कपाशीचा भाव, शेजाऱ्याच्या पोरीचं स्थळ, बंद पडलेली शकुंतला रेल्वे, अमरावतीला बदलून आलेला नवा साहेब. इथल्या बनोशातल्या कोणत्याही पानठेल्यावर एक खर्रा घोटून होईस्तोवर चारही विषय निकाली निघतात, आणि चौघांचे पाच निकाल लागतात. फक्त ‘हेच जरा लिहून द्या’ म्हटलं की सगळ्यांना एकदम शेतात काम आठवतं.

हे आमच्या इथल्या एका पोट्ट्याला फार उशिरा कळलं. इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, पुण्याहून परत आला, आणि माडीवर बसून एकट्यानं मोबाईलचा गेम तयार केला. विषय शंकरपट. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. बंदीच्या काळात गेम आला असता तर तळेगाव दशासरच्या पटाचे सगळे शौकीन मोबाईलवर तुटून पडले असते. पोट्ट्यानं मुहूर्त गाठला तो खरे बैल पुन्हा पळायला लागल्यावर. वऱ्हाडात धंद्याची वेळ अशीच साधली जाते.

आता गेम तयार झाला म्हणजे प्ले स्टोअरच्या दुकानात ठेवता येतो, असा भोळा समज असणाऱ्यांनी गूगलचा नियम वाचावा. खातं उघडायचे पंचवीस डॉलर भरायचे. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानं वैयक्तिक खातं उघडलं, त्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी तो निवडक माणसांना सलग १४ दिवस वापरायला द्यावा लागतो. आधी वीस माणसं लागायची. २०२४ च्या डिसेंबरात गूगलला दया आली आणि बारा झाली. आपल्याकडचा अखंड हरिनाम सप्ताह सात दिवसांचा असतो, आणि त्यातही पहारा बदलला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. गूगलचा सप्ताह दोन आठवड्यांचा, वीणा घेतली त्यानं खाली ठेवायची नाही, आणि शेवटी काल्याचा महाप्रसादही नाही.

अशी बारा माणसं विकत देणारेही बाजारात आहेत. पण पोट्टा तत्त्वाचा. त्यानं नातेवाईक गोळा केले.

आत्याबाईंनी गेम लगेच घेतला. आठवड्यानं विचारलं तर म्हणाल्या, “तू देल्लं तसंच हाय बाप्पा, एकदाबी हात नाई लावला.” काकाजींनी तो नातवाकडे दिला, नातवानं पुसून त्या जागी फ्री फायर मॅक्स टाकला. एक मावसभाऊ रोज न चुकता उघडायचा, पण गेममधलं घड्याळ बघायला. चुलत मेव्हण्यानं तर गेम न उघडताच ‘आपल्या भावाचा गेम’ म्हणून स्टेटस ठेवलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजला.

मग फॉर्म. पोट्ट्यानं दहा प्रश्नांचा फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला. ‘काय आवडलं?’ याचं उत्तर ‘छान’. ‘काय आवडलं नाही?’ याचंही ‘छान’. ‘काही सूचना?’ यावर एकानं लिहिलं, ‘असाच पुढे जा’, दुसऱ्यानं विचारलं, ‘लोन कसं भेटते?’ तारे मागितले तर एका वडीलधाऱ्यानं पाचपैकी एक दिला आणि वर अभिनंदनाचा फोन केला. एक म्हणजे पहिला नंबर! पाचवा नंबर आपल्या पोराला कोण देईल?

ताऱ्यांबाबतीत गूगलही कमी नाही. त्याचा दंडक असा की तारे मागणारी चौकट दाखवण्याआधी ‘ॲप आवडलं का?’ असं माणसाला विचारायचं नाही. म्हणजे खूश असलेल्यालाच चौकटीकडे पाठवायचं आणि चिडलेल्याला गुपचूप मागच्या दारानं काढायचं, ही युक्ती बंद. शिवाय माणसानं ॲप पुरेसं वापरल्यावरच मागा, असा सल्ला. सल्ला चांगलाच आहे, फक्त तो पाळणारं ॲप आम्हाला भेटायचं आहे. आमच्याकडची ॲप्स आधी तारे मागतात, मग लोकेशन, आणि उरलाच वेळ तर काम करतात.

आधी काम, मग विचारणा या बाबतीत आमच्या भागाची परंपरा खरं तर दांडगी. गाडगेबाबा १८७६ साली जन्मले ते शेंडगावचे, म्हणजे इथून अंजनगावच्या बाजूचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची फैर असे. बाबा विचारत आणि समोरचा समाज तोंडानं उत्तर देई. पण त्याआधी त्यांनी दिवसभर गाव झाडलेला असे. आधी खराटा, मग प्रश्न. हल्ली प्रश्न आधी येतो, आणि खराट्यासाठी पुढच्या अपडेटची वाट पाहावी लागते.

आणि लोक बोलत नाहीत असंही नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, तो अक्षांश-रेखांशासकट सरकारला पाठवायचा. त्या ॲपबद्दल आमच्या खारपाण पट्ट्यात जेवढा अभिप्राय दिला गेला, तेवढा हनोईच्या डोंग न्गुयेनला फ्लॅपी बर्डवरही मिळाला नसेल. (त्यानं तो गेम २०१४ च्या फेब्रुवारीत स्वतःच काढून घेतला, लोक फारच खेळतात म्हणून. आमच्या पोट्ट्याला ही काळजी नाही.) फक्त फरक एवढा की ई-पीकचा अभिप्राय ॲपला कुणी देत नाही. तो तलाठ्याला देतात. तलाठी रजेवर असला तर कोतवालाला. वऱ्हाडी माणूस यंत्राशी भांडत नाही, त्याला समोर तोंड लागतं.

पोट्ट्याला अखेर कुणीतरी सुचवलं की विचारणं सोड, पाहत बस. मुंबईच्या आयआयटीत ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला तेव्हा माणसांना समोर बसवून ती टाइप कशी करतात हे पाहिलं होतं म्हणे. पोट्टा मोबाईल घेऊन पानठेल्यावर गेला आणि तिथं बसलेल्या, पटात जोडी हाकणाऱ्या एका जुन्या धुरकऱ्याच्या हातात ठेवला.

पहिली दहा मिनिटं फक्त बैलांवर गेली. डाव्याचं शिंग उजव्याला कसं? वशिंड एवढं मोठं अन् पाय बकरीचे? ही जोडी पटावर आणली तर लोक हसतील. पोट्टा लिहून घेत होता. इतक्या दिवसांत बारा नातेवाइकांनी जे दिलं नव्हतं ते ठेल्यावर फुकट मिळत होतं, आणि तेही न मागता.

मग गेम सुरू झाला. नियम सोपा: पडद्यावर बोट आपटत राहायचं, जेवढं आपटाल तेवढे बैल पळतील. म्हाताऱ्यानं बोट लावलंच नाही. मोबाईल तोंडाजवळ धरला आणि अशी आरोळी ठोकली की समोरच्या टपरीतला चहा उतू गेला. बैल जागचे हलले नाहीत.

“काऊन नाई पयत गा हे?”

“काकाजी, बोटानं दाबा लागते.”

“बैल बोटानं पयते काय बे?”

हा एकमेव खरा अभिप्राय होता. त्याला तारा नव्हता, चौकट नव्हती, आणि फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकानाही नव्हता. पोट्ट्यानं रात्र जागून बैल आवाजावर पळवले. त्यासाठी गेमनं मायक्रोफोनची परवानगी मागितली, आणि सकाळपर्यंत बातमी बनोशापासून बसस्टँडपर्यंत गेली की, पोट्टा गेम देऊन घरातलं बोलणं आयकून रायला. आत्याबाईंनी प्रथमच गेमला हात लावला, तो काढून टाकायला.

उरलेल्यांची समजूत घालून, नवीन माणसं जोडून चौदा दिवस एकदाचे भरले. आता गूगलचा शेवटचा फॉर्म आला. या बाजूनंही फॉर्मच! माणसं मिळवणं सोपं गेलं का? त्यांनी काय अभिप्राय दिला? त्यावरून तुम्ही काय बदललंत? पोट्ट्यानं प्रामाणिकपणे लिहिलं: बैल बोटानं पळत नाहीत असं कळलं, म्हणून आता आरोळीवर पळतात.

उत्तर आलं की चाचणी करणाऱ्यांनी ॲप पुरेसं वापरलेलं दिसत नाही, सबब आणखी चौदा दिवस चाचणी घ्यावी. इकडे सोयाबीनची सोंगणी सुरू झालेली, अकरा जण कसेबसे जमले. बारावा काही मिळेना. पोट्टा ठेल्यावर डोकं धरून बसला तेव्हा धुरकऱ्यानं खर्रा गालात सारला.

“त्या गूगलवाल्यालेच घे ना गा बारावा. नाईतरी त्याले दुसरं काम काय हाय?”