बेसिनजवळचे पाहुणे

आज आपली टीम बाहेर खेळतेय, म्हणून कोराडीतली ही पोरं ढाब्यात बेसिनजवळ बसतात. पंख्याखालचं टेबल रिकामं असलं तरी तिकडे फिरकत नाहीत. ते आज ‘त्यांचं’. त्यांचं म्हणजे समोरच्या संघाच्या पोरांचं. ती पोरंही याच वस्तीतली, याच शाळेतली आणि आत्ता यांच्याच गाडीवर तिबलसीट आलेली. पण सामना त्यांच्या मैदानावर आहे, तेव्हा पंखा त्यांचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात यांनी बेसिनशी घाम पुसायचा. परतीचा सामना आपल्या घरी होईल तेव्हा पंखा आपल्याकडे येईल. तो जानेवारीत आहे. जानेवारीत नागपुरात पंखा कोण लावतं, हे मी विचारलं नाही. भक्तीच्या आड येऊ नये.

समजा, टीव्हीवरचा हा फुटबॉलचा सामना इंग्लंडातल्या मँचेस्टर आणि लिव्हरपूल या दोन गावांमध्ये आहे. दोघांमधलं अंतर साधारण नागपूर ते रामटेक एवढं. कोराडीपासून दोन्ही गावं सात हजार किलोमीटरच्या पलीकडे. यातलं घर कुठलं आणि परगाव कुठलं, हे आमच्या वीजकेंद्राच्या चिमणीवर चढून पाहिलं तरी कळणार नाही. पोरांना मात्र कळतं. “आज आपण अवे हाओत काका,” असं सांगताना चेहरा असा, की आत्ताच बोचकं घेऊन गाडीतून उतरलेत.

आणि पाळायचं तर सगळंच पाळतात. तिकडे पाहुण्या संघाच्या चाहत्यांना तीन हजारांच्या आसपास जागा मिळतात. इकडे बेसिनजवळ चार खुर्च्या. तिकडच्या वरच्या साखळीत 2016 पासून पाहुण्यांना तिकिटासाठी 30 पौंडांहून जास्त मोजावे लागत नाहीत. इकडे यांनी चौघांत एक पाटोडी-रस्सा मागवून खर्चाला तशीच मर्यादा घातली आहे. तिकडचे पाहुणे सामनाभर उभे राहून गातात, म्हणून हेही उभे. वेटर म्हणतो, बसा ना भाऊ, हात धुवायला जागा द्या. बसत नाहीत. हात धुवायला आलेला प्रत्येक माणूस यांच्या लेखी घरच्या संघाचा, त्यामुळे त्याच्याकडे जरा रोखून बघायचं. तो बिचारा रस्स्याचे हात घेऊन माफी मागत नळापर्यंत जातो. पण खरी कमाल सामना संपल्यावर. रात्री दहाला सुरू झालेला सामना बाराला संपला, हरले, पंख्याखालची पोरं नाचत निघून गेली, मालकानं अर्धं शटर ओढलं, आणि हे चौघं जागचे हलेनात. मालक म्हणाला, “जा ना बाप्पा घरी.” त्यावर उत्तर आलं, “पाहुण्यांना लगेच सोडत नाही ना भाऊ. पोलीस थांबवून ठेवतेत, गर्दी पांगेपर्यंत.” गर्दी म्हणजे बाहेर एक कुत्रं होतं. ते पांगेपर्यंत हे थांबले. गाडी मघाशीच घरच्या संघाबरोबर निघून गेली होती, त्यामुळे पुढचा परदौरा पायी झाला.

इथवर मला हसू येत होतं. मग कुणीतरी शनिवार दुपारचा विषय काढला.

शनिवारी दुपारी तीनचे सामने खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दिसत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण बंद. साठच्या दशकापासूनची रीत आहे. मैदानाशेजारी घर असलेल्या, पण तिकीट न मिळालेल्या तिकडच्या म्हाताऱ्याला खिडकीतून नुसता आरडाओरडा ऐकू येतो, आणि आमचा कोराडीचा पठ्ठ्या तोच गोल तीन बाजूंनी हळूहळू फिरवून पाहतो. आता पाहुणा कोण, ते तुम्हीच ठरवा. पण ही बंदी का? तर लोकांनी मोठ्यांचा खेळ बघत घरात लोळू नये, उठून जवळच्या लहान क्लबच्या मैदानावर जावं म्हणून! ज्या देशाच्या चाहत्यांची नक्कल करण्यासाठी तुम्ही बेसिनजवळ उभे राहता, त्या देशानं फुटबॉल वाचवायला टीव्ही बंद ठेवला, ही एक गोष्ट तेवढी तुमच्या नकलेतून सुटली कशी?

कामठी इथून दहा-बारा किलोमीटर. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथं छावणी वसवली. गोरे शिपाई गेले, कामठीत फुटबॉल उरला. बापानं खेळायचं, मग लेकानं, असा तिथला रिवाज. तिथं टाचा झिजलेल्या बुटांनी खेळणारी पोरं अंगावर आली तर धूळ आपल्या डोळ्यांत जाते. हळू फिरवून दाखवायची सोय नाही. आणि मैदानं? आमच्याकडे मैदान दिसलं की कुणाला तरी लग्न आठवतं. मग मांडव, मग सेल, मग सभा. खांब उपटून नेतात, खड्डे बुजवायला कुणी येत नाही, आणि उजव्या बगलेतला पोरगा चेंडूऐवजी जमीन बघत धावतो. त्याचा पाय मुरगळला तर बोंब मारायला चार प्रेक्षक तरी हवेत की नकोत? ते चार बेसिनजवळ उभे आहेत, अंगात त्या पोराच्या बुटांहून महाग जर्सी घालून, बाहेरगावच्या सामन्याची वेगळी!

न राहवून एकाला म्हटलं, रविवारी चल कामठीला.

तो मनापासून विचारात पडला. “तिथं आपण होम की अवे?”

म्हटलं, दोर बांधलेला असतो, त्याच्यामागं जागा मिळेल तिथं उभं राहायचं.

“म्हणजे दोघांचीही माणसं एकाच जागी?” तो म्हणाला. “असं कुठं असते का काका? भांडणं होतीन.”